लक्ष सांभाळणारे ॲप: दावा एक, उपयोग दुसराच

एकाग्रता वाढवून देण्याचे आश्वासन देणारी ॲप्स आता इतकी झाली आहेत, की त्यांतले कोणते घ्यावे हे ठरवता ठरवताच माणसाचे लक्ष उडून जावे. त्यांपैकी बऱ्यापैकी नावाजलेले एक ॲप मी गेले काही महिने, वर्गणी भरून, फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे वापरले. त्याचे नाव येथे देत नाही. एक तर या वर्गातल्या बहुतेक ॲप्सची घडण सारखीच असते, त्यामुळे जे एकाला लागू पडते ते थोड्याफार फरकाने इतरांनाही पडते. आणि दुसरे म्हणजे मला परीक्षण करायचे आहे ते या वस्तूइतकेच तिच्यामागच्या दाव्याचे. आधुनिक तंत्रज्ञानाने तुमची लक्ष देण्याची क्षमता आखूड केली आहे आणि आम्ही ती पूर्ववत करून देऊ, असा तो दावा आहे. त्याच्या पूर्वार्धात कितपत तथ्य आहे यावर उत्तरार्धाची किंमत ठरते, म्हणून दोन्ही एकत्रच तपासणे भाग आहे.

ॲप प्रथम उघडल्यावर निळ्या पडद्यावर एक सोनेरी मासा पोहताना दिसतो. त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, की माणूस पूर्वी एका गोष्टीवर बारा सेकंद लक्ष ठेवू शकत असे, आता तो आठ सेकंदांवर घसरला असून नऊ सेकंदांच्या माशानेही त्याला मागे टाकले आहे. हे आकडे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असतात. त्यांना प्रसिद्धी मिळाली ती मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेने २०१५ साली काढलेल्या एका अहवालामुळे. पण त्या अहवालाच्या कर्त्यांनीही ते स्वतः मोजलेले नव्हते, आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतले होते. बीबीसीने २०१७ मध्ये त्यांचा माग काढला, तेव्हा त्या संकेतस्थळाने आधार म्हणून ज्यांची नावे दिली होती त्यांच्याकडे असे कोणतेही संशोधन सापडले नाही. माशावरचा आळही खोटाच आहे. सोनेरी मासे शिकलेली गोष्ट पुष्कळ काळ लक्षात ठेवतात, आणि म्हणूनच स्मरणशक्तीच्या अभ्यासात त्यांचा वर्षानुवर्षे उपयोग होत आला आहे. ज्या वस्तूची पहिलीच ओळख अशा ऐकीव गोष्टीने करून दिली जाते, तिच्या पुढच्या प्रत्येक वाक्याकडे मी जरा सावधपणेच पाहू लागले.

शिवाय, माणसाचे अवधान अमुक सेकंदांचे असते, असे म्हणणेच मुळात निरर्थक आहे. लक्ष किती वेळ टिकते हे समोरचे काम कोणते, त्यात गोडी किती, झोप पुरी झाली आहे का, आणि काम अर्धवट टाकले तर काय बिघडणार आहे, यांवर अवलंबून असते. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने तर १८९० सालीच लिहून ठेवले होते, की मनाला बळेच एका गोष्टीवर बसवले तर ते काही सेकंदांपलीकडे सलग बसतच नाही; आपण ज्याला एकाग्रता म्हणतो ते प्रत्यक्षात भरकटलेल्या मनाला पुन्हा पुन्हा जागेवर आणणे असते. तेव्हा फोन नव्हता. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर पाळत ठेवणाऱ्या सैनिकांच्या कामावरून एक चाचणी प्रसिद्ध केली: खुणा नसलेल्या तबकडीवर एक काटा ठरावीक गतीने टिचक्या मारत पुढे सरके, क्वचित कधी दुप्पट उडी घेई, आणि ती उडी दिसली की कळवायचे, असे दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच पाहणाऱ्यांच्या नजरेतून उड्या निसटू लागत. कंटाळवाण्या कामावरून लक्ष ढळणे हा माणसाचा जुनाच स्वभाव आहे, आणि तो खिशातल्या यंत्राच्या माथी मारण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवणे न्याय्य ठरेल.

मात्र काहीच बदललेले नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी २००४ च्या सुमारास कार्यालयात काम करणाऱ्यांच्या मागे थांबून, हातात स्टॉपवॉच घेऊन, माणूस एका पडद्यावर किती वेळ राहतो याच्या नोंदी केल्या. तेव्हा सरासरी अडीच मिनिटांची भरली. २०१२ मध्ये, संगणकानेच ठेवलेल्या नोंदींवरून, ती पंचाहत्तर सेकंदांवर आली आणि त्यानंतरच्या वर्षांत सत्तेचाळीस सेकंदांच्या आसपास स्थिरावली. हा आकडा माशाच्या आकड्यासारखा हवेतला नाही. तो मोजलेला आहे, इतर संशोधकांच्या मोजण्यांशी बराचसा जुळणाराही आहे. परंतु त्यात मोजले गेले आहे ते एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाण्याचे प्रमाण. माणसाला अधिक काळ थांबता येते की नाही, हे त्यातून कळत नाही. तो थांबत नाही एवढेच कळते.

क्षमतेचे मोजमाप वेगळे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ रोल्फ ब्रिकेनकँप यांनी १९६२ साली तयार केलेली 'डी२' नावाची एक कागदी चाचणी आजही सर्रास वापरली जाते. एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी दिलेल्या असतात आणि त्यांतून दोन रेघा असलेली 'डी' ही अक्षरे तेवढी भराभर खोडत जायची असतात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी १९९० ते २०२१ या काळात ३२ देशांत झालेल्या अशा चाचण्यांचे, वीस हजारांहून अधिक लोकांचे निकाल एकत्र करून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रौढांची एकाग्रता त्या तीन दशकांत घटलेली आढळली नाही. उलट मध्यम प्रमाणात वाढलेली आढळली. मुलांमध्ये एकूण गुणांत ठळक बदल नव्हता, मात्र ती पूर्वीपेक्षा वेगाने काम करत होती आणि अधिक चुका करत होती. हे शेवटचे निरीक्षण मला सर्वांत बोलके वाटते. लक्ष देण्याची शक्ती जागेवर आहे, पण ती वापरण्याची रीत उतावळी झाली आहे.

या ॲपचे सारे गुणदोष याच फरकातून निघतात. जिथे ते सवयीला हात घालते तिथे ते खरोखर उपयोगी पडते, आणि जिथे ते क्षमता वाढवायला निघते तिथे त्याच्या हाती काही लागत नाही.

प्रथम कुलपाची सोय पाहू, कारण बहुतेक लोक ॲप घेतात ते तिच्यासाठी. आपण ज्या ॲप्सना आणि संकेतस्थळांना 'लक्ष खाणारी' म्हणून निवडू, ती ठरवलेल्या वेळात बंद राहतात. फोनवर त्यांची चिन्हे राखाडी होतात. त्यांवर बोट ठेवले की ॲप उघडण्याऐवजी एक वर्तुळ हळूहळू मोठे-लहान होऊ लागते आणि काही क्षणांनी विचारले जाते, की खरोखरच उघडायचे आहे का. माझे काम मुद्रितशोधनाचे आहे, आणि त्यात हे वर्तुळ नेमके केव्हा समोर येते ते पाहण्यासारखे असते. लांब, तीन-चार उपवाक्यांचे वाक्य येते, कर्ता कुठला आणि क्रियापद कुठले याचा मेळ लागत नाही, आणि अगदी त्याच ठिकाणी, पेन कागदावर असतानाच, डावा हात फोनकडे जातो. कोणी बोलावलेले नसते, घंटी वाजलेली नसते. राखाडी चिन्ह दिसल्यावरच कळते, की आपण फोन उचलला होता. मार्क यांच्या निरीक्षणांतही जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून आलेले नसतात, माणसाने स्वतःच ओढवून घेतलेले असतात, आणि बाहेरचे कमी झाले की आतले वाढतात, असे आढळले आहे. कुलपाचा खरा फायदा दार बंद होण्यात नाही. आपण दाराशी कितीदा जातो हे आपल्याला कळू लागते, यात आहे. कठीण वाक्यापाशी हात जातो हे एकदा ध्यानात आले, की ते वाक्य मोठ्याने वाचावे, आणि बहुधा तेवढ्याने भागते.

अशा ओझरत्या नजरेने बिघडते काय, हा प्रश्न रास्त आहे, कारण फोनकडे पाहायला पाच सेकंदही लागत नाहीत. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि त्यामुळे दुसरे काम त्याच्या हातून कमी प्रतीचे होते. मुद्रितशोधनात याची प्रचिती रोज येते. संदेश वाचून पानाकडे परतल्यावर डोळे ओळीवरून फिरत राहतात, पण 'पाणी' आणि 'पाणि' यांतला फरक दिसत नाही. पुढच्या परिच्छेदात तोच शब्द पुन्हा आल्यावर मागे जावे लागते. वेळ पाच सेकंदांचा गेलेला नसतो.

ॲप मात्र याच ठिकाणी पुन्हा अतिशयोक्तीवर उतरते. प्रत्येक वेळी कुलूप तोडू लागलो, की 'एका व्यत्ययामुळे तुमची तेवीस मिनिटे वाया जातात' अशी सूचना झळकते. या आकड्याचे मूळ खरे आहे, पण अर्थ तसा नाही. थांबवलेल्या कामाकडे परत यायला लोकांना सरासरी वीस-पंचवीस मिनिटे लागत, असे मार्क यांना दिसले होते. पण मधल्या वेळात ते रिकामे बसलेले नसत, दुसरी एक-दोन कामे उरकत असत. याच संशोधकांच्या २००८ च्या प्रयोगात तर व्यत्यय आलेल्या लोकांनी काम अधिक लवकर संपवले होते. त्याची किंमत त्यांनी ताण, चिडचिड आणि घाई या रूपांत मोजली होती. ही माहिती 'तेवीस मिनिटे वाया' यापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे, पण ती भीतीदायक नसल्यामुळे पडद्यावर येत नसावी.

कुलूप मोडण्याची पद्धत विचारपूर्वक आखलेली आहे, हे कबूल केले पाहिजे. 'कडक' प्रकार निवडला तर ठरलेली वेळ संपण्यापूर्वी मोकळीक हवी असल्यास एक लांबलचक परिच्छेद, विरामचिन्हांसह, जसाच्या तसा टंकावा लागतो. एक अक्षर चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. चार ओळी टंकेपर्यंत इच्छा मावळते. उलट याच प्रकारात एकदा संदेशांचे ॲपही बंद पडले आणि पैसे भरण्यासाठी आलेला सांकेतिक क्रमांक पाहता येईना, तेव्हा तो परिच्छेद टंकत बसणे फारसे उद्बोधक वाटले नाही. तक्रारीला उत्तर आले ते यंत्राने लिहिलेले, आणि त्यात मला दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला होता. बँकेचे आणि संदेशांचे ॲप सवलतीच्या यादीत पहिल्याच दिवशी घालून ठेवावे.

या ॲपमधली सर्वांत चांगली सोय जाहिरातीत शेवटी आणि बारीक अक्षरांत दिलेली आहे: नोटिफिकेशन गठ्ठ्याने पोहोचवणे. संदेश, बातम्या, पसंतीच्या खुणा आणि सवलतींच्या जाहिराती हे सगळे ॲप स्वतःकडे थोपवून धरते आणि दिवसातून आपण सांगू त्या वेळी एकदम हाती देते. फोन करणारी माणसे आणि निवडक नावे यांना वगळता येते. या सोयीच्या मागे बरे संशोधनही आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना नोटिफिकेशन नेहमीप्रमाणे मिळत राहिली, काहींना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळाली, तर काहींची पूर्ण बंद करण्यात आली. तीनदा मिळणाऱ्यांना आपले लक्ष अधिक लागते, काम अधिक होते आणि मन अधिक शांत राहते असे वाटले. पूर्ण बंद झालेल्यांना असा लाभ झाला नाही; उलट आपले काही राहून तर जात नाही ना, या चिंतेने त्यांना ग्रासले. म्हणजे सगळे तोडून टाकण्यापेक्षा 'दुपारी मिळणार आहे' ही खात्री अधिक कामाची ठरते.

माझा अनुभव याला पुष्टी देणारा आहे. सुरुवातीला गठ्ठा येण्याच्या वेळेकडे डोळे लागलेले असत, पुढे ते कमी झाले. गठ्ठा उघडल्यावर जे दिसते तेही शिकवून जाते: एकामागून एक ओळीने मांडलेल्या चाळीसेक ओळींत ज्याला खरोखर उत्तर द्यायला हवे असा मजकूर दोन-तीन ठिकाणी असतो, आणि बाकीच्यांतली निम्मी भांडणे तोपर्यंत आपापसांत मिटलेली असतात. हेच चाळीस संदेश एकेक करून आले असते, तर प्रत्येकाने तातडीचा आव आणला असता. संदेश फोनवर आपण होऊन येऊन थडकणे, ही आता स्वाभाविक वाटणारी गोष्ट तशी नवीच आहे. ॲपलने इतर कंपन्यांच्या ॲप्सना ती मुभा दिली ती २००९ मध्ये. त्याच्या तीनच वर्षे आधी एझा रॅस्किन यांनी पानाचा शेवटच येऊ न देणारी, सरकवत राहावे तसतसा नवा मजकूर खालून पुरवणारी रचना तयार केली होती. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनी स्वतःच खेद व्यक्त केला. या दोन सोयी एकत्र आल्या, आणि काम थांबवायला एक कारण मिळाले, पण पुन्हा सुरू करायला मात्र एकही खूण उरली नाही. गठ्ठ्याची सोय पहिल्यावर इलाज करते. दुसऱ्यावर हे ॲप काहीच करत नाही. ठरलेली मिनिटे भरली, की सरळ पडदा काळा करते, मग वाचन वाक्याच्या मध्यावर असो की शेवटावर.

वेळमापकाबद्दल थोडक्यात. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केलेली पद्धत येथे जशीच्या तशी घेतली आहे. टाळाटाळ होणारे काम सुरू करून देण्यासाठी ती चांगली आहे. मात्र मन लागलेले असताना, पाचव्या पानावर तंद्री जमून आली असताना, विश्रांतीची घंटा वाजवून कामातून उठवणारे ॲप लक्ष सांभाळते की मोडते, हा प्रश्न पडतो. कालावधी वाढवण्याची सोय आहे. घंटा अजिबात वाजू नये अशी सोय नाही.

'अवधान-व्यायाम' या विभागासाठी वेगळी, वरच्या दराची वर्गणी आहे, आणि ती मुळीच घेऊ नये. त्यात उडते ठिपके मोजणे, रंगांची नावे उलटसुलट ओळखणे, मागची तिसरी आकृती आठवणे असे खेळ आहेत. ते खेळताना मजा येते, गुण वाढत जातात आणि आपण तल्लख होत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वाढते ते त्या खेळातले कौशल्य. २०१० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११,४३० लोकांनी सहा आठवडे अशा प्रकारचे बौद्धिक खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत ते सुधारले, पण त्यांच्याशी अगदी जवळच्या इतर चाचण्यांतही त्या सुधारणेचा मागमूस नव्हता. अशा दाव्यांवर नियामकांचीही नजर असते: ल्युमॉसिटी या खेळांच्या कंपनीने फसव्या जाहिरातीच्या आरोपावरून अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाशी २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरून तडजोड केली होती. ठिपके मोजून पुस्तकात मन लागत नाही. पुस्तकात मन लागण्यासाठी पुस्तकच वाचावे लागते.

आता या ॲपचा सर्वांत मोठा दोष. दिवसभराच्या एकाग्रतेचे गुण, सलग दिवसांची साखळी, आठवड्याचा अहवाल, इतर वापरकर्त्यांच्या तुलनेतले स्थान, पदके आणि साखळी तुटणार असल्याचा संध्याकाळचा इशारा, ही सारी हत्यारे ज्यांच्यापासून आपल्याला वाचायचे आहे त्यांच्याच शस्त्रागारातली आहेत. पानावर काम चालू असताना फोन उचलून 'आज किती गुण झाले' हे पाहावेसे वाटू लागले, तेव्हा कुंपणानेच शेत खाल्ल्याची खूण पटली. हे इशारे बंद करता येतात, पण ते शोधायला मांडणीच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि साखळी तर बंद करताच येत नाही. कारण उघड आहे. जे ॲप आपले काम चोख करील त्याची माणसाला हळूहळू गरज उरणार नाही, आणि दरवर्षी वर्गणी घेणाऱ्या व्यवसायाला ते परवडणारे नाही.

त्यातच आणखी एक विसंगती आहे. ॲपचा वेळमापक पाहण्यासाठी फोन समोर, पडदा चालू ठेवून ठेवावा लागतो. ॲड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या प्रयोगांत फोन टेबलावर, पिशवीत आणि दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या लोकांची तुलना केली होती, आणि फोन बंद किंवा मुका असूनही दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली होती. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितका स्पष्ट दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये; तरी फोनपासून मन सोडवण्याचे साधन फोन सतत नजरेसमोर ठेवायला लावते, हे चमत्कारिकच.

ज्यांनी संपूर्ण बंदीचा मार्ग धरला त्यांचे काय झाले, याचे अलीकडचे एक उदाहरण मात्र कुलपाच्या बाजूने बोलते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांना त्यांच्या स्मार्टफोनवरील इंटरनेट दोन आठवड्यांसाठी ॲपच्या साहाय्याने बंद करायला सांगण्यात आले. बोलणे, साधे संदेश आणि संगणकावरील इंटरनेट चालू होते. संगणकावरील चाचणीत त्यांचे लक्ष टिकण्याचे प्रमाण इतके सुधारले, की संशोधकांनी ती सुधारणा वयोमानानुसार दहा वर्षांत होणाऱ्या घटीएवढी असल्याचे म्हटले. बरेचजण ही बंदी पूर्ण काळ पाळू शकले नाहीत, हेही त्यात नोंदलेले आहे, आणि ते अगदी समजण्यासारखे आहे. पण क्षमता खरोखरच झिजून गेली असती, तर पंधरवड्यात ती अशी वर आली नसती. माझ्या ॲपचे विक्रेते हा निष्कर्ष 'आम्ही तुमचे गमावलेले लक्ष परत आणतो' याचा पुरावा म्हणून दाखवतात. माझ्या मते तो लक्ष गमावलेलेच नव्हते याचा पुरावा आहे.

ॲपमध्ये रोज एक 'माहितीपत्र' येते, त्यातल्या दोन गोष्टींचा उल्लेख करते, कारण त्या खऱ्या असूनही भलत्या अर्थाने वापरलेल्या आहेत. पहिली, चित्रपटातील एका दृश्यखंडाची सरासरी लांबी १९३० च्या सुमारास बारा सेकंद होती ती आता अडीच सेकंदांवर आली आहे. ही घसरण फोन येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि तेच प्रेक्षक अडीच सेकंदांच्या तुकड्यांनी बनलेली मालिका एका बैठकीत पाच-सहा तास पाहतात, तेव्हा त्यांचे अवधान आखूड आहे असे कसे म्हणावे? दुसरी, ट्विटरवरचे आघाडीचे विषय २०१३ मध्ये सरासरी साडेसतरा तास आघाडीवर टिकत, ते २०१६ मध्ये सुमारे बारा तासच टिकू लागले. हे समूहाच्या चर्चेबद्दलचे मोजमाप आहे. विषयांचा पुरवठा वाढला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येणारच. त्यावरून एकेका माणसाच्या मेंदूविषयी काहीही सिद्ध होत नाही.

मुलांसाठीच्या कौटुंबिक योजनेबद्दल अधिक जबाबदारीने लिहायला हवे. लॉस एंजेलिसमधील २,५८७ किशोरवयीन मुलांचा दोन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांच्यात अवधान-विकाराची (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांची) लक्षणे नव्हती अशाच मुलांना त्यात घेतले होते. कोणत्याही डिजिटल माध्यमाचा अतिवापर न करणाऱ्यांपैकी सुमारे साडेचार टक्के मुलांत पुढे लक्षणे दिसली, तर सर्वाधिक वापर करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. हा संबंध दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तो कारण सिद्ध करत नाही, हे संशोधकांनीच म्हटले आहे, कारण ज्या मुलांचे मन मुळातच चंचल असते ती अशा माध्यमांकडे अधिक ओढली जात असणेही शक्य आहे. ॲपची कौटुंबिक योजना या अभ्यासाचा हवाला देऊन पालकांच्या हाती मुलांच्या फोनची किल्ली देते आणि मुलांना प्रत्येक मिनिटाचा हिशेब दाखवते. मुलाचे लक्ष खरोखरच कशात टिकत नसेल, शाळेचे आणि घरचे व्यवहार त्यामुळे अडत असतील, तर ते तज्ज्ञाला दाखवण्याचे लक्षण आहे. तिथे ॲपवर वेळ घालवू नये. आणि तसे नसेल, तर मुलांच्या फोनची किल्ली पालकांच्या हाती आणि पालकांचा स्वतःचा फोनही सतत हातातच, असे दृश्य घरोघर दिसते तोवर त्या योजनेचा काही उपयोग होईल असे मला वाटत नाही.

घ्यावे की नाही, तर ज्यांना स्वतःची सवय कुठे अडखळते हे पाहायचे आहे, त्यांनी एखाद्या महिन्यासाठी जरूर घ्यावे आणि संगणकावर वापरावे. संगणकावरची आवृत्ती फोनवरच्यापेक्षा सरस आहे: तिच्यात पदके नाहीत, साखळी नाही, केवळ यादी आणि वेळ आहे. फोनवरच्या आवृत्तीतले गठ्ठ्याचे काम आता पुष्कळ फोन स्वतःच करतात. ॲपलने ती सोय २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर दिली, आणि अँड्रॉइडमध्ये वापराच्या वेळेची मर्यादा घालण्याची साधने २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आली आहेत. फोनच्या मांडणीत शिरून ती आधी पाहावीत. वाचकांनी गुण विचारले तर पाचपैकी तीन: दोन गठ्ठ्याच्या सोयीला आणि एक संगणकावरच्या कुलपाला. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते आणि ती थांबवण्याची कळ ॲपमध्ये नाही, ॲप ज्या दुकानातून उतरवले त्याच्या खात्यात जाऊन ती थांबवावी लागते. महिन्यापुरते घेणाऱ्यांनी ते काम घेतल्या दिवशीच उरकून टाकावे. घेतलेल्या मुदतीपर्यंत ॲप तरीही चालू राहते.